ओतारी चष्मेवाले आणि बेहड्यावरचा धनेश

ओतारी चष्मेवाले वारले त्याला वर्ष होत आलं, पण माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. जुन्नरला काम निघालं की त्यांच्या दुकानावरूनच जावं लागतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. मी गाडी जरा हळू करतो, मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतो आणि पुढं जातो. मेलेल्या माणसाशी भांडण्यात एक अडचण असते, तो उत्तर देत नाही. पण ओतारी जिवंत असतानाही फारसं देत नसत.

मी मूळचा महाळुंगे पडवळचा. टेम्पोतून भाजीपाला वाहून सुरुवात केली, मग जुने ट्रॅक्टर घेतले-विकले, आणि आता तळेघरच्या रस्त्याला माझी राहण्या-जेवणाची जागा आहे. हे सगळं मी बोलण्यावर उभं केलंय. समोरचा माणूस पहिल्यांदा जे सांगतो ते त्याचं शेवटचं नसतं, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात शिकलो. बाजार असो, कचेरी असो, सोयरीक असो, कुठंतरी थोडी सैल जागा असतेच. ती सापडली की काम होतं. ओतारींच्यात ती सैल जागा नव्हती. मी पुष्कळ शोधली.

पहिली गाठ पडली ती चष्म्यासाठीच. चाळिशी लागली होती, पण मला ते कबूल नव्हतं. दुकानात माझ्या आधी दोघंतिघं बसले होते. ओतारी एकेकाला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होते, आणि मी बाकावर बसून ती ऐकत होतो. माझा नंबर आला तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत सगळं धडाधड म्हणून टाकलं.

ओतारी उठले, तक्ता भिंतीवरून काढला, त्याच्यामागचा दुसरा लावला आणि परत येऊन बसले.

"हां. आता दिसतंय ते सांगा. पाठ झालेलं नको."

मला तिसऱ्या ओळीपुढं काही दिसेना. बाकावरची माणसं हसली. मी तापलो.

"एवढी परीक्षा कशाला, काका? गिऱ्हाईक हाय मी, पोरगं न्हाई शाळंतलं!"

"चष्मा तुमच्या नाकावर बसणार आहे," ते म्हणाले. "मला फसवून तुम्हाला काय मिळणार?"

मग फ्रेमचा भाव निघाला. मी सवयीनं निम्म्यावर आणला. त्यांनी ती फ्रेम माझ्या हातातून घेतली, फडक्यानं पुसली, परत काचेच्या कपाटात ठेवली आणि समोरच्या हॉटेलवाल्याला एक चहा सांगितला. एकच. मी बराच वेळ बसलो. शेवटी त्यांच्याच भावात फ्रेम घेतली, आणि निघताना म्हणालो, "तुमचा धंदा चालायचा न्हाई असा." ते म्हणाले, "चाळीस वर्षं नाहीच चालला."

बुटका, सडपातळ माणूस. पांढरा सदरा, त्याच्या वरच्या खिशात पिवळं मऊ फडकं. त्या फडक्याचा त्यांना एक विलक्षण नाद होता. बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढायचे, पुसायचे आणि परत घालायचे. तेवढा वेळ तो माणूस आंधळ्यासारखा उभा. तहसीलदार असो की हमाल, सुटका नाही. राजुरीत एका ओळखीच्यांच्या दहाव्याला आम्ही दोघंही गेलो होतो. घरातला थोरला मुलगा रडून रडून थकला होता, चष्म्याच्या काचा पार भिजून गेल्या होत्या. लोक समजुतीचं बोलत होते. ओतारी पुढं झाले, त्याचा चष्मा काढला, दोन्ही काचा नीट पुसल्या, त्याच्या कानांवर हलकेच बसवला आणि मागं येऊन उभे राहिले. तो मुलगा त्यांच्याकडं बघत राहिला. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा माणूस आतून मऊ आहे. तिथंच माझा अंदाज चुकायला सुरुवात झाली.

घरातही तोच प्रकार. त्यांच्या पत्नी मालतीकाकू मला एकदा जेवायला वाढत होत्या. त्यांनी विचारलं, "भाजी बरी झालीय ना हो?" ओतारी म्हणाले, "अळणी आहे." पाहुणा समोर बसलेला, आणि अळणी आहे! काकूंनी मिठाचं भांडं पुढं सरकवलं आणि मला म्हणाल्या, "लग्न ठरताना यांनी मला विचारलं होतं, मी कसा दिसतो? मी म्हटलं, बरे दिसता. तर म्हणाले, नीट बघून सांगा." आणि हसल्या. पण ते हसणं रोज हसून सवयीचं झालेलं होतं.

आमच्याकडं सोयरीक जमवताना लोक गुपचूप चौकशी करतात. डॉक्टरला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात. पोरीला चष्मा असेल आणि ती बघण्याच्या कार्यक्रमाला तो न लावता बसली असेल, तर चष्मेवाल्यालाही विचारतात. डिंगोऱ्याच्या एका मुलीचं असंच झालं. नंबर मोठा होता. मुलीचे वडील आधीच दुकानात येऊन हात जोडून गेले होते, "काका, कुणी आलंच इचारायला तर थोडा हाय, एवढंच म्हना." ओतारी त्यांना म्हणाले, "मी काहीच सांगणार नाही. पण खोटंही सांगणार नाही." वडिलांना ते पुरेसं वाटलं. दोन दिवसांनी मुलाचा मामा आला. त्यानं सरळ विचारलं, "नंबर लई न्हाई ना मोठा?" ओतारी गप्प बसले. हातातली काच पुसत राहिले. मामानं पुन्हा विचारलं, हे पुन्हा गप्प. आता गप्प बसण्याचा अर्थ मामाला कळायचा तो कळला. सोयरीक मोडली.

ते वडील नंतर कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. मुलगी मात्र यायची. मी एकदा तिथं असताना आली. काचेला ओरखडा पडला होता. ओतारी चष्मा दुरुस्त करत असताना ती सहज म्हणाली, "काका, तुमी नुस्तं 'असंल' म्हणला असता ना, तरी भागलं असतं." रागानं नाही, अगदी सहज. ओतारींनी तिचा चष्मा नेहमीपेक्षा फार जास्त वेळ पुसला. ती गेल्यावर मी म्हणालो, "बघा!" तर म्हणाले, "बघतोय की."

पाखरांचं त्यांना वेड होतं. दर रविवारी एसटीनं वर डोंगरात यायचे. डोक्याला कानटोपी, पाठीला पिशवी, हातात तिपाईवरची जुनी दुर्बीण. पोळी-ठेच्याचा डबा घरून आणायचे, माझ्याकडं फक्त चहा प्यायचे आणि त्याचेही पैसे टेबलावर ठेवूनच उठायचे. माझ्या जागेसमोर, रस्त्याच्या कडेला एक जुना बेहडा होता. दोन माणसांच्या मिठीत न मावणारा. त्याच्या खोडात वर एक ढोली होती, आणि त्या ढोलीत उन्हाळ्यात धनेशाची जोडी यायची.

धनेश मला त्यांनीच दाखवला. तोवर मी त्याला मोठी चोच असलेली घार समजत होतो. त्यांची पद्धत ठरलेली होती. कुणी पाखरू बघून "अरे, तो बघा अमुक!" असं ओरडलं की चिडायचे.

"नाव शेवटी. आधी चोच सांगा. मग डोळ्याच्या आसपास काय आहे ते. मग शेपूट. एवढं सांगून झालं की नाव आपोआप येतं. आधी नाव घेतलं की डोळे बघायचं सोडून देतात."

पुण्या-मुंबईचे लांबलचक कॅमेरे घेऊन येणारे पाहुणे त्यांना वैतागायचे. मीही वैतागायचो, कारण ते माझे पाहुणे होते. पण एक दिवस त्यांनी मला दुर्बिणीला डोळा लावायला लावला आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. धनेशाची मादी अंडी घालायची वेळ आली की ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग आत तिची उडायची पिसं गळून जातात. पिल्लं मोठी होईस्तोवर ती तिथंच. बाहेरून नर येतो, गळ्यात साठवून आणलेली उंबरं एकेक करून वर काढतो आणि फटीतून तिला भरवतो. मी बघत होतो, आणि ओतारी शेजारी हळू आवाजात सांगत होते. "त्याला काही झालं तर ती आत उपाशी मरते. झाडाला काही झालं तर..."

मी म्हणालो, "लई मोठा विश्वास टाकलाय बाईनं."

"पर्याय नसतो तिला," ते म्हणाले.

आता माझ्या रागाची गोष्ट.

माझ्याकडं उतरलेल्या एका फोटोवाल्यानं हिवाळ्यात त्या बेहड्यावर बसलेल्या धनेशाचा फोटो काढला. संध्याकाळची वेळ होती. फोटोत चोच केशरी दिसत होती आणि चोचीवर शिंगासारखं जे असतं, ते दिसतच नव्हतं. तो म्हणाला, शिंग नाही म्हणजे हा मलबारी धनेश. आपल्या भागात सहसा न दिसणारा. फोटो मोबाईलवर फिरला, पेपरात आला. मी दारात फोटोसकट मोठा फलक लावला, 'मलबारी धनेशाच्या सान्निध्यात मुक्काम'. लोक येऊ लागले.

ओतारी रविवारी आले, फलकाखाली उभे राहून कितीतरी वेळ वर बघत राहिले.

"हे उतरवा, बबनराव."

"का?"

"हा तो नाही."

"कुणाचं काय जातंय, काका? पाखरू खूश, पावणं खूश, मी खूश."

"शेपूट बघा फोटोतलं," एवढंच म्हणाले आणि चहाचे पैसे ठेवून गेले. मी फलक उतरवला नाही.

मग उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं काम आलं. कडेच्या झाडांवर रंगाच्या खुणा पडल्या. बेहड्यावरही पडली. तोवर मादी ढोलीत बसलेली होती. मी ती पेपरातली बातमी घेतली आणि रस्त्याच्या कामाच्या साहेबांकडं गेलो. साहेब तरुण होते, बरे होते. त्यांनी फोटो बघितला, वर फोन लावले, आणि काम बेहड्याच्या अलीकडं थांबलं. दुर्मीळ पक्षी म्हटल्यावर वरचेही बिचकले. मशीन वळणावर उभं राहिलं. आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण एवढा आनंद कधी झाला नव्हता. संध्याकाळी ओतारींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "थांबलं हे चांगलं झालं." मग म्हणाले, "पण कशामुळं थांबलं?" मी फोन ठेवला.

ठेकेदारानं तक्रार केली. साधं पाखरू दाखवून काम अडवलंय, असं तो म्हणाला. साहेबांना जागेवर येऊन खात्री करणं भाग पडलं. या भागात ज्याचा शब्द चालेल असा कुणी जाणकार सोबत हवा होता. कुणालाही विचारलं तरी नाव एकच निघायचं. मी आदल्या दिवशी त्यांच्या दुकानात गेलो.

"काका, उद्या फक्त हो म्हणायचं."

"मला नेऊ नका, बबनराव."

"सायबांनीच तुमचं नाव घेतलंय. मी कसा नको म्हणू?"

"आजारी आहे म्हणून सांगतो."

"सांगा की! तेवढं तरी सांगा!"

ते बोलून गेले खरे, पण त्यांना तेही सांगता येणार नव्हतं, कारण ते आजारी नव्हते.

"आलो तर दिसेल तेच सांगेन," शेवटी म्हणाले.

मी विचार केला, येऊ दे. धनेशाच्या मादीसाठी दर रविवारी एसटीचे धक्के खाणारा माणूस, ज्याचा जीव त्या ढोलीत अडकलेला आहे, तो ऐन वेळी वाकेल. सैल जागा सापडली, असं मला वाटलं. धंद्यात मी असा कधी फसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली बरीच माणसं जमली. साहेब, सरपंच, ठेकेदाराचा सुपरवायझर, माझ्याकडं स्वयंपाक करणारी सखूबाई आणि मी. ओतारींनी दुर्बीण उभी केली, डोळा लावला आणि थांबले. नर यायला वेळ लागला. आला तो ओढ्याकडून, उंबर गळ्यात घेऊन. वाळक्या फांदीवर बसला, मान पुढं करून फळ वर काढलं, फटीकडं झुकला. आतून चोच बाहेर आली.

सखूबाई म्हणाली, "गं बया!"

साहेब ओतारींच्या कानाशी वाकले. "काका, शिंग न्हाई ना? एवढंच सांगा म्हंजे झालं."

ओतारींचा डोळा दुर्बिणीलाच होता. त्यांनी नेहमीच्या क्रमानं सांगायला सुरुवात केली.

"चोच मळकट, बुडाशी काळपट. चोचीवर शिंग आहे. लहान, टोकदार. भुवई पांढरट. शेपूट लांब, टोकाला पांढरं, पांढऱ्याच्या अलीकडं काळा पट्टा." मग थांबले. मला वाटलं, आता नाव घेणार नाहीत. डिंगोऱ्याच्या सोयरिकीत मामासमोर बसले तसे गप्प बसतील. पण इथं सगळं सांगून झालेलं होतं. "राखी धनेश. आपल्याकडचा नेहमीचा."

"काका, नीट बघा," साहेब म्हणाले. त्या माणसालाही हो हवं होतं.

"नीटच बघतोय."

"आन् त्यो पेपरातला फोटू?" साहेबांनी विचारलं.

"ते मागच्या उन्हाळ्यातलं पिल्लू असणार. शिंग पुरतं वाढलेलं नव्हतं, आणि फोटो खालून काढलाय. चोच केशरी झालीय ती मावळतीच्या उन्हानं."

सुपरवायझर हसला. "झालं की मग, राव!"

तेव्हा ओतारी दुर्बिणीपासून बाजूला झाले आणि साहेबांचा हात धरला. मी त्यांना कुणाचा हात धरताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"साहेब, आता माझं ऐका. ती आत आहे. तिला उडता येत नाही. पाऊस लागेपर्यंत तरी झाडाला हात लावू देऊ नका. पिल्लं बाहेर पडली की मग काय ते करा."

"काका, दुर्मीळ व्हता म्हणून वरचे थांबले व्हते. आता मी वर काय सांगू?"

"साधा पक्षी आहे, आणि त्याचं घर आहे, असं सांगा."

साहेबांनी हात हलकेच सोडवून घेतला. "असं सांगून कुणी थांबत न्हाई हो." ते खरंच वाईट वाटून म्हणाले. मग गाडीत बसून गेले.

जुन्नरपर्यंत ओतारींना सोडायला मीच निघालो. रस्ताभर मी ओरडत होतो.

"एक शब्द, काका! फुकटचा एक शब्द! सायब आयकायला तयार, वरचे थांबायला तयार, आन् तुमी शेपटीचा पट्टा सांगत बसला!"

"उद्या खरंच मलबारी आला तर कोण विश्वास ठेवील?"

"यील तवा बघू त्येचं! ही आत्ता आत बसलीय तिचं काय?"

डिंभे धरणाचं पाणी बाजूनं जात होतं, ते तिकडं बघत होते. घोडेगाव मागं पडल्यावर म्हणाले, "बबनराव, मला ते शिंग दिसत होतं हो."

त्यांना घरी सोडून मी मुद्दाम आत गेलो नाही. काकू दारात आल्या होत्या, चहा घ्या म्हणाल्या. मी हात हलवून निघालो.

पुढचं काम माझ्या पद्धतीनं करायचं ठरवलं. सुपरवायझरला जेवायला बोलावलं, त्याच्या माणसांची राहायची सोय माझ्याकडं केली, आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं की हे झाड शेवटी घ्यायचं. पुढचं सगळं करत जा, हे पिल्लं बाहेर पडल्यावर. तोही घरचा माणूस निघाला, म्हणाला, "शेठ, माझा शब्द." ओतारी रोज संध्याकाळी सखूबाईला फोन करायचे. मला नाही, सखूबाईला. नर आला का, किती वेळा आला, आतून आवाज येतो का. ती सांगायची, "येतोय वो काका, पिल्लांचा लई कालवा हाय."

मग ढग आले. पावसाआधी तेवढा पट्टा उरकायचा म्हणून वरून रेटा लागला. मी त्या दिवशी नारायणगावला होतो. सखूबाईचा फोन आला, "शेठ, झाड पाडत्यात."

मी पोचलो तेव्हा बेहडा रस्त्यावर आडवा होता. सुपरवायझर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मारा मला, शेठ. वरनं फोनवर फोन. मी न्हाई म्हणलो तर दुसरा आला असता." मी हात उगारलाही होता. पण त्याच्या मागं ओतारी दिसले. सखूबाईनं त्यांनाही कळवलं होतं, मिळेल त्या जीपनं आले होते. खोडाशेजारी गुडघ्यांवर बसून ढोलीत हात घालत होते.

ढोलीचा भाग फुटला नव्हता. मादी जिवंत होती. शेपूट नाही, पंखांची पिसं नाहीत, नुसतीच मोठी चोच आणि घाबरलेला डोळा. एक पिल्लू गेलं होतं, एक हलत होतं. ओतारींनी तेवढा ओंडका करवतीनं कापून घ्यायला लावला. सुपरवायझरच्याच माणसांनी तो उचलला, दोरानं बांधून माझ्या आवारातल्या जांभळीवर चढवला. ओतारींनी चिखल कालवला आणि ढोलीचं फुटलेलं तोंड बोटांनी लिंपून काढलं, फट ठेवून. मग आम्ही सगळे लांब जाऊन बसलो.

नर आला. ओढ्याकडून सरळ आला, जिथं बेहडा होता तिथं हवेत फडफडला, बसायला काहीच नव्हतं. विजेच्या खांबावर जाऊन बसला. गळा भरलेला दिसत होता. ओरडला. आतून उत्तर आलं की नाही, मला कळलं नाही. तो पुन्हा त्याच मोकळ्या जागेत गेला, पुन्हा खांबावर आला. जांभळीचं झाड त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण त्याला बेहड्याची जागाच माहीत होती, हे झाड नाही. शेवटी तो उडून गेला. पुन्हा आला, आणि तेच.

मी आयुष्यभर माणसांशी बोलून काम काढलं. त्या दिवशी कुणाशी बोलायचं तेच कळेना. साहेब फोन उचलत नव्हते, सुपरवायझर डोकं धरून बसला होता, आणि पाखराला सांगता येत नव्हतं.

मादी वाचली नाही. पिल्लूही नाही. ओंडका पुढं कितीतरी दिवस जांभळीवर तसाच होता. ओतारी त्यानंतर वर आले नाहीत, मी त्यांच्या दुकानात गेलो नाही, चष्मा मंचरला करून घेतला. थंडीत ते गेल्याचं कळलं तेव्हा मी बाहेरगावी होतो, असं मी काकूंना सांगितलं. खरं तर मी महाळुंग्यातच होतो.

म्हणून मला त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते झाड पाडलं त्या संध्याकाळचं. नर यायचा थांबला होता. ओतारींनी सखूबाईकडून ओढ्यावरची उंबरं आणवली, आणि शिडी मागितली. मी म्हणालो, "काका, पडाल." ते म्हणाले, "धरा." म्हणून मी खाली शिडी धरली. ते अनवाणी चढले. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे तळपाय होते, बेहड्याचा भुसा आणि चिखल लागलेले. वर त्यांनी एक उंबर दोन बोटांत धरलं, धनेश धरतो तसं, आणि हात फटीशी नेला. आतून काही आलं नाही. हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातानं कोपर धरलं, आणि तसेच उभे राहिले. मी वर बघत विचारलं, "घेतंय का, काका?"

"नाही," ते म्हणाले. पण हात खाली घेतला नाही.